आदिग्रंथांतील ‘बीठल’ आणि ‘नानक’ : देवनामें व कविनाममुद्रा यांचा विचार

नामदेवरायांच्या हिंदी पदांविषयीं महाराष्ट्रांत जेव्हां जेव्हां चर्चा होते, तेव्हां एक युक्तिवाद हटकून पुढें येतो. तो असा कीं, शिखांच्या आदिग्रंथांत नामदेवांच्या नांवावर जीं ६१ पदें आहेत त्यांत ‘बीठल’ हें नांव आलें आहे. बीठल म्हणजे पंढरीचा विठ्ठल. ज्याअर्थीं विठ्ठलाचें नांव आहे त्याअर्थीं पदें पंढरपूरच्या नामदेवांचींच. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, या पदांत राम, गोविंद, केशव, इतकेंच नव्हे तर अल्ला व करीम हीं नांवें येतात. विठ्ठलाचा अनन्य भक्त असें लिहिणार नाहीं. तेव्हां हा नामदेव कोणी दुसराच. दोन्ही पक्ष परस्परविरुद्ध निर्णयास येतात, परंतु दोघांच्या हातांतील माप एकच आहे. कवितेंत देवाचें जें नांव येतें त्यावरून कवीचा संप्रदाय ठरतो, आणि कवितेच्या शेवटीं जें नांव येतें त्यावरून कवि ठरतो, असें दोघांनींहि गृहीत धरिलें आहे. आदिग्रंथापुरतें तरी हें गृहीत टिकत नाहीं, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. व तें कां टिकत नाहीं हें त्या ग्रंथाच्याच आधारें दाखविण्याचा येथें हेतु आहे.

आदिग्रंथाची जुळणी पांचवे गुरु अर्जुनदेव यांनीं इ. स. १६०४ मध्यें पुरी केली. लेखनाचें काम भाई गुरुदास यांचेकडे होतें. ती मूळ प्रत जालंदर जिल्ह्यांतील करतारपूर येथील सोढी घराण्याकडे असलेलीच होय, असें परंपरा मानते. त्याहून जुन्या, तिसरे गुरु अमरदास यांच्या काळाशीं निगडित अशा गोइंदवालच्या पोथ्यांपैकीं दोन आज उपलब्ध आहेत. पुढें नववे गुरु तेगबहादुर यांची रचना समाविष्ट होऊन ग्रंथास आजचें रूप आलें. सहा गुरु, कबीर-नामदेव-रविदास-फरीद प्रभृति पंधरा भगत, शिवाय भाट व गुरुघरचे गायक, इतक्यांची वाणी त्यांत बहुतांशीं रागवार लाविलेली आहे. प्रमाण मुद्रित प्रतींत १४३० पृष्ठें असतात व अमुक पद अमुक पृष्ठावर हें ठरलेलें असतें. म्हणून पुढें पृष्ठांक दिले आहेत. आपल्याकडील बाडांची सवय असलेल्या वाचकास या शिस्तीचा हेवा वाटल्यावांचून राहणार नाहीं. ज्या पदांविषयीं आपण भांडतों त्यांची सतराव्या शतकाच्या आरंभींची प्रत पंजाबांत आहे. नामदेवांच्या अभंगांचीं आपल्याकडील बहुतेक बाडें त्याहून अर्वाचीन आहेत.

आतां कर्तृत्वाचा प्रश्न घेऊं. ग्रंथ प्रथम उघडणाऱ्या मराठी वाचकास वाटतें कीं यांतील मोठा भाग एकट्या गुरु नानकांचा आहे, कारण गुरूंच्या वाणींत शेवटीं ‘नानक’ हीच मुद्रा येते. वस्तुस्थिति तशी नाहीं. पहिल्या गुरूंचा काळ १४६९ ते १५३९. परंतु दुसरे, तिसरे, चौथे, पांचवे व नववे या सर्व गुरूंनीं आपली रचना ‘नानक’ याच नांवानें मुद्रित केली आहे. एकच ज्योत निरनिराळ्या देहांत उतरली अशी शिखांची श्रद्धा असून सत्ता व बलवंड यांच्या रामकली रागांतील वारेंत ती स्पष्ट मांडिली आहे. मग कोणतें पद कोणाचें हें कसें ओळखावें? त्यासाठीं प्रत्येक पदाच्या माथ्यावर ‘महला’ हा शब्द व त्यापुढें अंक घातलेला असतो. महला १ म्हणजे गुरु नानक, महला ५ म्हणजे गुरु अर्जुनदेव. हा शब्द अरबी-फारसींतील ‘महल्ल’ म्हणजे स्थान, मुक्काम यावरून आला, कीं संस्कृत ‘महिला’ यावरून, ईश्वराची वधू या भावनेनें आला, याविषयीं मतभेद आहे. मला पहिली व्युत्पत्ति अधिक सरळ वाटते; एकाच ज्योतीचे हे क्रमाक्रमाचे मुक्काम, असा तिचा अर्थ शीख श्रद्धेशीं नीट जुळतो. अंकाचा उच्चार क्रमवाचक करावयाचा, ‘एक’ असा नव्हे, हें ग्रंथच सुचवितो. कारण आरंभींच्या सिरीरागांत अंकाजवळ ‘पहिला’ असें अक्षरांनीं लिहिलें आहे. हा ‘पहिला’ आपल्या मराठींतलाच शब्द आहे, हें पाहून मौज वाटते.

या शीर्षकांची निकड केवळ नीटनेटकेपणापुरती नव्हती. गुरु अर्जुनदेवांचे वडील बंधु पृथीचंद व त्यांचे पुत्र मेहरबान यांनीं गुरुगादीवर हक्क सांगून आपल्या रचनाहि ‘नानक’ याच मुद्रेनें प्रचारांत आणिल्या होत्या. मुद्रा सर्वांस मोकळी, मग अस्सल कोणती? ग्रंथाची बांधणी व माथ्यावरील अंक हें त्यावरचें उत्तर होतें. म्हणजे जें नांव पदाच्या पोटांत आहे तें कर्त्याचें प्रमाण नव्हे, जें माथ्यावर आहे तें प्रमाण, हा दंडक संपादकानें इ. स. १६०४ मध्येंच घालून दिला.

खुद्द ‘नानक’ या मुद्रेचें व्याकरणहि पाहण्यासारखें आहे. जुन्या गुरुमुखी लेखनांत अकारान्त पुल्लिंगी नामाच्या एकवचनीं प्रथमेस अन्त्य उकार लागतो : रामु, नामु, नानकु. हा उकार आतां उच्चारीत नाहींत, परंतु लिहितात. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हाताळणाऱ्यास ‘अर्जुनु’, ‘कृष्णु’ हीं रूपें परिचित आहेत. दोन्हींकडील उकार अपभ्रंशांतून आलेला एकच आहे. प्रोफेसर साहिबसिंग यांनीं इ. स. १९३९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या गुरुवाणीच्या व्याकरणांत या अन्त्य स्वरांचे नियम बसवून दाखविले, आणि तेव्हांपासून अर्थनिर्णयास पक्का पाया मिळाला. ‘नानकु’ असेल तर नानक कर्ता, तो कांहीं म्हणतो. उकार नसेल तर पुष्कळ वेळां तें संबोधन, ‘हे नानका’. संबोधनांत कवि स्वतःस हांक मारीत असेल, किंवा चौथा वा पांचवा गुरु त्या नांवाच्या आद्य पुरुषाला स्मरून आपणांस बजावीत असेल. आपल्या ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’ यांत क्रियापदच असल्यानें अशी द्व्यर्थता राहत नाहीं. जुन्या प्रतींत शब्द न तोडतां ओळ सलग लिहिलेली असे. त्यामुळें हा एक उकार गळाला कीं वाक्याचा कर्ताच बदलतो, आणि ऐकून उतरून घेणाऱ्या लेखकाच्या हातून तो प्रथम गळावयाचा.

मुद्रा एकाची व शीर्षक दुसऱ्याचें, अशीं स्थळें तर विशेष उद्बोधक आहेत. भैरव रागांत पृ. ११३६ वर एक पद आहे. आपण व्रत पाळीत नाहीं आणि रमजानहि पाळीत नाहीं, आपण हिंदूहि नाहीं व मुसलमानहि नाहीं, असा त्याचा आशय असून शेवटीं कबीराचें नांव आहे. केवळ मुद्रा पाहणारा तें निःशंक कबीराच्या खात्यांत घालील. माथ्यावर मात्र ‘महला ५’ आहे. गुरु अर्जुनदेवांनीं कबीराचा विचार घेऊन स्वतः रचलेलें व त्याचें नांव कृतज्ञतेनें ठेविलेलें तें पद होय, असें शीख पंडित मानतात, व तें मान्य करण्यास हरकत दिसत नाहीं. सारंग रागांत पृ. १२५३ वर सूरदासाची एकच ओळ देऊन त्यापुढें ‘महला ५ सूरदास’ अशा शीर्षकाचें पद येतें व त्याच्या शेवटीं पुन्हां सूरदासाचेंच नांव आहे. आसा रागांत धन्ना जाटाच्या पदांमध्येंच पृ. ४८७ वर जें पद नामदेव, कबीर, रविदास व सेना न्हावी यांचीं नांवें सांगून धन्ना भक्तीस कसा लागला हें वर्णितें, तें धन्नाचें आत्मवृत्त म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. परंतु त्याच्याहि माथ्यावर ‘महला ५’ असाच शिक्का आहे. धन्नाचें नांव तेथें मुद्रा नसून कथेंतील पात्र आहे.

आम्हां मराठी लोकांना सर्वांत जवळचें उदाहरण कबीराच्या श्लोकांत सांपडतें. २१२ व २१३ या अंकांचे दोन श्लोक म्हणजे नामदेव व त्रिलोचन यांचा संवाद आहे. त्रिलोचन मित्रास टोचून विचारतो कीं कापड छापीत काय बसलास, चित्त रामाकडे कां लावीत नाहींस. आणि नामदेव उत्तर देतात कीं मुखानें राम म्हणावा, हातापायांनीं काम करावें व चित्त निरंजनापाशीं ठेवावें. यांतील दुसऱ्या श्लोकांत ‘नामा’ बोलतो. म्हणून तो श्लोक नामदेवांचा म्हणून उतरून घेतलेला वाचनांत येतो. वास्तविक तो कबीराच्या श्लोकसंग्रहांत आहे. त्याच संग्रहांत तिसऱ्या व पांचव्या गुरूंनीं मधूनमधून स्वतःचे श्लोक घातले आहेत, तेथें महल्याचा अंक दिला आहे. या दोहोंवर तसा अंक नाहीं. म्हणजे संपादकाच्या मतें ते कबीराचे. फरीदाच्या १३० श्लोकांतहि असेच १८ श्लोक गुरूंचे आहेत, व कांहीं ठिकाणीं ते फरीदाच्या वचनास दिलेलें उत्तरच आहेत. मागील कवीचें वचन ठेवून त्याशेजारीं आपला अभिप्राय नांवनिशीवार नोंदविणें, ही टीकाकाराची पद्धति झाली. आणि ती संस्कृत भाष्यग्रंथ वाचलेल्यास अपरिचित वाटूं नये.

शीर्षकानेंहि प्रश्न सुटत नाहीं असें एक स्थळ सांगितलें पाहिजे. बिहागड्याच्या वारेंत, पृ. ५५३ वर, ‘मरदाना १’ असा मथळा असलेले श्लोक आहेत. मर्दाना हा गुरु नानकांचा रबाब वाजविणारा सोबती. श्लोक त्याचे, कीं त्याला उद्देशून गुरु नानकांचे, याविषयीं एकमत नाहीं.

कविनामाविषयीं इतकें झालें. देवनामांचा विचार याच वाटेनें जातो, परंतु तेथें कुतूहलापेक्षां मोठी गोष्ट पणास लागलेली आहे. अर्नेस्ट ट्रंप यांनीं इ. स. १८७७ मध्यें आदिग्रंथाचें आंशिक भाषांतर छापिलें व नानकांचा विचार मूलतः हिंदूच असल्याचें मत दिलें. पुढें काहनसिंग नाभा यांनीं इ. स. १८९८ मध्यें ‘हम हिंदू नहीं’ हें पुस्तक लिहिलें, आणि मॅकॉलिफ यांचे सहा खंड १९०९ मध्यें निघाले. या वादांत नांवें मोजण्याची हौस दोन्ही बाजूंस लागली. ‘हरि’ आठ हजारांहून अधिक वेळां, ‘राम’ अडीच हजारांच्या आसपास, आणि ज्या नांवानें शीख आज ईश्वरास मुख्यतः संबोधितात तें ‘वाहिगुरु’ मात्र भाटांच्या सवय्यांतच आढळतें, असें मोजणारे सांगतात. मोजणी खरी असली तरी तीवरून निष्कर्ष काढतां येत नाहीं. ‘हरि’ व ‘हर’ यांत एका वेलांटीचाच फरक आहे. आणि ‘हर’ हें कोठें शिवाचें नांव तर कोठें फारसींतील ‘प्रत्येक’ या अर्थाचें विशेषण आहे. अक्षर न पाहतां आंकडा सांगणें हें व्याकरणाला सोडून गणिताला शरण जाण्यासारखें आहे.

नांवांचा अर्थ कसा लावावा हें ग्रंथानें स्वतःच एके ठिकाणीं सांगितलें आहे. मारू रागांतील महला ५ च्या एका रचनेंत, पृ. १०८२ पासून, गुरु अर्जुनदेव अच्युत, मधुसूदन, दामोदर, हृषीकेश, गोवर्धनधारी, मुरलीमनोहर अशीं नांवें एकापुढें एक ओंवीत जातात. विष्णुसहस्रनाम नित्य म्हणणाऱ्यास घरीं आल्यासारखें वाटावें, अशी ती माळ आहे. परंतु शेवटास येतांना ते म्हणतात कीं, जीभ उच्चारते तीं हीं सर्व नांवें ‘किरतम’ म्हणजे कृत्रिम, मागाहून केलेलीं आहेत; ‘सतिनाम’ हें तुझें नांव मात्र सर्वांच्या पूर्वींचें आहे. मीमांसकांच्या परिभाषेंत सांगावयाचें तर, ‘दामोदर’ याचा योग म्हणजे अवयवार्थ पोटास दावें बांधलेला असा आहे, व त्या अर्थामागें गोकुळांतील कथा उभी आहे. आदिग्रंथांत तो शब्द योगानें न येतां रूढीनें येतो, आणि रूढी योगास मागें सारते हा न्याय आपणांस ठाऊक आहे. नांव तेंच, कथा मात्र गळाली.

ही कल्पना आपण मागाहून लादीत आहों असें कोणीं समजूं नये, म्हणून नामदेवांचीच साक्ष देतों. गोंड रागांतील एका पदांत (पृ. ८७४-७५) ते पंडितास सांगतात कीं, तुझा महादेव पांढऱ्या बैलावर बसून येतांना पाहिला, तुझा ‘रामचंदु’हि येतांना पाहिला, त्याला रावणाशीं झगडतांना घरची बायको गमवावी लागली होती. इतका तिखट उपहास करणारा हाच कवि इतर पदांत ‘राम’, ‘रामईआ’ म्हणून आळवितो. विरोध कोठेंच नाहीं. रामचंद हें दशरथपुत्राचें नांव, राम हें त्या एकाचें. दोन्ही शब्दांस एकच मानून हिशेब करणारा वाचक या पदाशीं अडखळलाच पाहिजे.

कधीं कधीं एका नांवाच्या अर्थावर इतिहासच अवलंबून राहतो. गौडी रागांत पृ. २४८ वर गुरु अर्जुनदेवांचा एक छंत आहे, त्यांत ‘मोहन’ या नांवानें संबोधिलें आहे. परंपरा सांगते कीं, गुरु अमरदासांचे पुत्र बाबा मोहन यांच्यापाशीं जुन्या पोथ्या होत्या. त्या मिळविण्यासाठीं गुरु अर्जुनदेव त्यांच्या माडीखालीं बसून हा छंत गाइले. साहिबसिंग यांना ही कथा मान्य नाहीं. मोहन म्हणजे परमेश्वर, असा त्यांचा पक्ष. छंतांत मोहनाच्या पुत्र-बंधु-परिवाराचा उल्लेख येतो, तो परमेश्वरास सरळ लागत नाहीं, हें खरें. तथापि मला वाटतें कीं पोथ्यांचा इतिहास या शब्दावर टांगूंच नये. मोहनांच्या वंशाशीं संबद्ध पोथ्या प्रत्यक्ष विद्यमान आहेत; त्यांतील पाठ व क्रम करतारपूरच्या प्रतीशीं ताडून पाहणें हें शब्दच्छलापेक्षां शतपट फलदायी आहे, व अलीकडच्या संशोधकांनीं तें काम हातींहि घेतलें आहे.

‘भगउती’ या शब्दाची कथा अशीच आहे. दहावे गुरु गोविंदसिंग यांच्या नांवावर असलेल्या दशमग्रंथांतील एका वारेच्या आरंभीं व तेथून शिखांच्या नित्याच्या अरदासेंत हा शब्द येतो. कोणी देवी घेतात, कोणी तरवार, कोणी अकाल पुरुष. सुखमनींत मात्र गुरु अर्जुनदेवांनीं हाच शब्द भगवंताचा भक्त, आपल्या ‘भागवत’ शब्दाच्या अर्थीं योजिला आहे. दशमग्रंथांत असि, खड्ग, सर्वलोह हीं शस्त्रवाचक देवनामें विपुल आहेत, तेव्हां तेथें शस्त्राचा अर्थ असंभाव्य नाहीं. त्या ग्रंथाचें कर्तृत्व स्वतःच वादग्रस्त आहे, कारण त्यांत श्याम व राम या कविमुद्राहि येतात. नांदेडच्या हुजूर साहिबांत तो आदिग्रंथाबरोबर पूज्य मानितात, सर्वत्र तसें मानीत नाहींत. तो विषय स्वतंत्र आहे.

आतां ‘बीठला’कडे परत येऊं. हें नांव नामदेवांच्या पदांत आहेच, विशेषतः आसा रागांत पृ. ४८५ वर, जेथें इकडे-तिकडे सर्वत्र तोच भरला आहे असें वर्णन येतें. परंतु पृ. २०५ वर गौडी रागांतील एका पदांतहि दयाळु ‘बीठुल’ आहे, आणि त्या पदाचें शीर्षक महला ५ असें आहे. गुरु अर्जुनदेव पंढरीचे वारकरी नव्हते. विठ्ठल हें नांव त्यांच्या काळापर्यंत उत्तरेंत ईश्वराचें एक रूढ नांव झालें होतें, यापलीकडे त्यावरून कांहीं निघत नाहीं. उलट पक्षाचा अल्ला-करीम हा आक्षेपहि असाच निःसत्त्व आहे. तिलंग रागांतील पदांत (पृ. ७२७) करीम-रहीम म्हणून हांक मारणारा कवि तेथेंच आपल्या स्वामीस ‘मीर मुकुंद’ म्हणतो व त्याला सांवळ्या वर्णाचा पातशहा ठरवून अश्वपति, गजपति, नरेंद्र अशीं बिरुदें लावितो. दक्षिणेंतील राजबिरुदांचा अभ्यास करणाऱ्यांनीं हें स्थळ अवश्य पाहावें. दोन दरबारांची भाषा एका देवाच्या पायीं वाहिली आहे. तीवरून कवीचा पंथ बदलला असें ठरविणें साहसाचें होईल.

तर मग पदें पंढरपूरच्या नामदेवांचीं कीं नाहींत, हें कशानें ठरवावें? विष्णुदास नामा या उत्तरकालीन महाभारतकर्त्याची रचना व नामदेवांची रचना मुद्रेच्या साम्यामुळें आपल्याकडे किती कालवली गेली आहे हें बाडें जमविणाऱ्यांस सांगावयास नको. तेथें मुद्रेनें दगा दिला, येथें देवनाम देईल. माझ्या मतें पुरावा भाषेंत शोधावा, व तोहि जपून. ‘आनीले’, ‘काटीले’, ‘भराईले’ अशीं रूपें नामदेवांच्या पदांत येतात, तीं पाहून मराठी माणूस हर्षतो. परंतु लकारयुक्त भूतकाळ भोजपुरी, मैथिली व बंगाली यांतहि आहे, म्हणून एवढ्यानें कांहीं सिद्ध होत नाहीं. षष्ठीचा ‘चे’ हा प्रत्यय याहून बळकट आहे. तो धनाश्री रागांत नामदेवांच्या एका पदांत पृ. ६९३ वर आहे, आणि त्याच रागांत त्रिलोचनाच्या पदांत पृ. ६९५ वर ‘काय’ या अर्थाच्या प्रश्नवाचक शब्दासह पुन्हां आहे. पंजाबी वा ब्रज बोलणाऱ्या लेखकानें हे प्रत्यय पदरचे घातले असण्याचा संभव फार थोडा. उलट त्याला परके वाटूनहि त्यानें ते राखिले, यांतच पाठाची इमानदारी दिसते. कॅलवार्ट व मुकुंद लाठ यांनीं इ. स. १९८९ मध्यें नामदेवांच्या हिंदी पदावलीच्या निरनिराळ्या हस्तलिखितांचे पाठ एकत्र छापिले, त्यामुळें ही तुलना आतां घरबसल्या करतां येते.

आणखी एक धागा जातिवाचक शब्दाचा. ग्रंथांत नामदेवांस ‘छीपा’ म्हटलें आहे. छीपा म्हणजे कापडावर ठसे उमटविणारा, आणि आपले नामदेव तर शिंपी. यावरून व्यक्तिभेद मानणारे आहेत. परंतु आसा रागांतील ज्या पदांत मनाचा गज व जिभेची कातर केली आहे (पृ. ४८५), त्यांत रंगविणें व शिवणें हीं दोन्ही कामें नामदेव स्वतःचीं म्हणून सांगतात. पंजाबांत गुरदासपूर जिल्ह्यांतील घुमान येथें नामदेवांचें स्थान आहे, इ. स. २०१५ मध्यें ८८ वें मराठी साहित्य संमेलन तेथें भरलें, त्यानिमित्तानें अनेक मराठी मंडळी जाऊन आलीं. तिकडील छीपा समाजाच्या वंशावळी, मठांतील कागद व जुन्या पोथ्या यांची नोंद कोणीं केली, तर या शब्दाचा उलगडा पदांच्या बाहेरील पुराव्यानेंहि होऊं शकेल. तूर्त पृ. ६९३ वरील ‘चे’ व पृ. ४८५ वरील कातर, एवढे दोन पुरावे ‘बीठल’ या एका नांवापेक्षां अधिक वजनदार मानावे लागतात.